पाइपावर पाच ठोके

चेन्नईतल्या आमच्या वेस्ट मांबलमच्या घरमालकांकडे तारीख कायम मागे असायची. बाहेर अख्ख्या शहरात अठरा असली तर त्यांच्या हॉलमधल्या भिंतीवर चौदा. रोज एक पान फाडायचं ते जाडजूड, चौकोनी कॅलेंडर. वर मुरुगनाचं चित्र, खाली तमिळ अक्षरांत राहुकाळ वगैरे. त्या भागात घराघरात सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे कालचं पान फाडणं. आमचे मालक फाडायचे संध्याकाळी, कॉफी झाल्यावर, आणि तेही विचार करून.

"आज काय झालें?" असं ते कॅलेंडरसमोर उभं राहून स्वतःलाच विचारायचे. काही झालं असेल, म्हणजे जिन्यातला बल्ब बदलला, अमेरिकेतल्या मुलाचा फोन आला, निदान एखाद्या भाजीवाल्याशी मनासारखं भांडण झालं, तर पान फर्रकन फाटायचं. नाहीतर निकाल ठरलेला: "आजचा दिवस झालाच नाहीं." पान तसंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच तारीख, नव्यानं.

"मग डिसेंबरात पानं उरतात, त्यांचं काय करता?" मी एकदा विचारलं होतं.

"आंत ठेवतों. देवानें हिशोब विचारला तर दाखवायला नकोत?"

त्यांचं नाव पाटीवर होतं, पण तिथे वय झालेला प्रत्येक पुरुष मामा असतो, तसे तेही मामा. तंजावरकडचे मराठी. घर बघायला गेलो तेव्हा मी आनंदानं, "वा, तुम्ही मराठी!" म्हणालो. त्यांनी माझ्याकडे, एखाद्यानं समुद्राला "वा, तुम्ही पाणी!" म्हणावं तसं पाहिलं.

"आम्हीं राजांबरोबर आलों," ते म्हणाले. "तुम्हीं?"

"मी कंपनीबरोबर," मी म्हणालो. खरं तर मला पुण्याच्या कंपनीनं अड्यारच्या ऑफिसात पाठवलं होतं.

"सरी," म्हणजे ठीक आहे, असं म्हणून त्यांनी मान हलवली. "तुमचें मराठी सगळें हिंदी झालें आहे. हरकत नाहीं. वर राहा. मूल आहे, तें सुधरेल."

त्यांचं मराठी जुन्या पोथीतलं, आणि चाल तमिळ. प्रत्येक वाक्य शेवटाला जिना चढायचं. माझी मुलगी सई तेव्हा आठवीत होती. ती त्यांचं बोलणं तोंडावर हात ठेवून ऐकायची. चेन्नईत आल्यापासून ती हसली असेल तर तेवढीच.

मामांशी तक्रारीचं बोलणं अशक्य होतं. मी पाण्याच्या मोटरबद्दल बोलायला खाली उतरलो की राहुकाळ लागायचा. राहुकाळ हा अशुभ काळ दिवसातून दीड तासाचा, हे मला पुढे ऑफिसातल्या एकानं सांगितलं. आमच्या जिन्यात तो मी उतरेन तेव्हा असायचा. मात्र त्यांना स्वतःला काही सांगायचं असलं की काठीनं पाइपावर ठोका. खालून गच्चीतल्या टाकीपर्यंत जाणारा तो लोखंडी पाइप आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून होता. एक ठोका म्हणजे मोटर चालू, बादल्या भरा. दोन म्हणजे कोणीतरी आलंय, खाली या. बेल त्यांना मान्य नव्हती. "बेल कोणीही वाजवतो. ठोक्यांत माणूस ओळखूं येतो." चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेला माणूस, आयुष्यभर घंटेवर जगलेला.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण त्या घरात एकटे मामाच विक्षिप्त होते असा समज व्हायला नको.

मी तेव्हा चाळिशीला टेकलेला, प्रोजेक्ट मॅनेजर. कशाचीही भीती वाटली की त्याचं वेळापत्रक करायचं, ही माझी रीत. आणि मला सईची भीती वाटत होती. पुण्यात वर्गात सगळ्यात पुढे बसणारी ही मुलगी इथे रोज सकाळी पोट धरून बसायची. डबा भरला की उलटी. दप्तर उचललं की डोळ्यांत पाणी. भाषा येत नाही, मैत्रीण नाही, आणि शाळा अशी की वहीचं कव्हर चुकलं तरी शेरा. वृंदानं, माझ्या बायकोनं, जूनमध्येच मला स्पष्ट सांगितलं होतं, "पोंगलपर्यंत बघायचं. तोवर रुळली नाही तर तिला पुण्याला ताईकडे पाठवायचं. मी हिला रोज असं शाळेत ढकलणार नाही."

पोंगल, म्हणजे तिथली संक्रांत, जानेवारीत. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात जानेवारी टकटक करत होता.

म्हणून मी ऑफिसच्या कॅलेंडर सॉफ्टवेअरमध्ये सईची शाळा घातली. गणित निळं, विज्ञान हिरवं, तमिळ लाल, कारण तमिळची धास्ती. प्रत्येक तासाच्या आधी सूचना. सईला फोन नव्हता, त्यामुळे सूचना वृंदाच्या मोबाइलवर.

"अरे, मी इथे उपमा ढवळतेय," ती एकदा ऑफिसात फोन करून म्हणाली, "आणि मला मेसेज येतोय, पाच मिनिटांत भूगोल. मी काय करू? नकाशा काढू?"

पहिला आठवडा कॅलेंडर बरोबर चाललं. दुसऱ्या सोमवारी सई भलत्याच विषयांची पुस्तकं घेऊन शाळेत गेली आणि शेरा घेऊन आली. मग मला कळलं की त्या शाळेत वार नसतात. आपल्याकडे सोमवार म्हणजे सोमवारचे तास. तिथे डे वन, डे टू, असं डे सिक्सपर्यंत. मग पुन्हा डे वन. आठवडा पाच दिवसांचा आणि चक्र सहाचं, त्यामुळे सोमवार कधीच सारखा नाही. याला म्हणतात डे ऑर्डर.

माझ्यासारख्या माणसाला हे ऐकून घाम फुटला. सॉफ्टवेअरला "दर सोमवारी" कळतं, "दर सहा दिवसांनी" कळतं. "दर सहा दिवसांनी, पण शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून" असं सांगायला गेलं की ते माझ्याकडे मामांसारखं बघायचं. शेवटी मी शाळेच्या डायरीत छापलेले डे बघून अख्खं वर्ष हातानं भरलं. रंगीत प्रिंट काढून फ्रिजवर लावली.

मोटरच्या निमित्तानं वर आलेल्या मामांनी ती पाहिली. चष्मा कपाळावर चढवून खूप वेळ पाहिली.

"कोण केलें?"

"मी. कॉम्प्युटरवर."

"आमच्या शाळेचा टाइमटेबल मींच लावत होतों," ते म्हणाले. "फळीवर खिळे, खिळ्याला शर्टाच्या गुंड्या. एकेका मास्तराला एकेक रंग. तुमचें तसेंच आहे. फक्त करंट लागतो." मग सईकडे वळून तमिळ लाडानं, "आणि तूं काय रंगाची, म्मा?"

सई गोंधळली. "मी कुठे आहे त्यात?"

"तेंच विचारतों," असं म्हणून मामा जिना उतरून गेले. मला राग आला होता. प्रिंट चांगली झाली होती.

नोव्हेंबरात पाऊस आला. तिथला पाऊस आमच्या पावसाच्या वेळी येत नाही. लोक दिवाळीचे फटाके उडवून मोकळे झाले की येतो. गल्लीत गुडघाभर पाणी. टीव्हीवर खाली पट्टी सरकली, कलेक्टरनी शाळांना सुट्टी दिली. दोन दिवस सई घरी. दोन दिवस तिच्या पोटात दुखलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी मी खाली मेणबत्ती मागायला गेलो तर मामा अंधारात कॅलेंडरसमोर उभे.

"दोन दिवस झालेच नाहींत," ते म्हणाले. "ध्यानांत ठेवा. दोन दिवस झालेच नाहींत."

"हो ना," मी म्हणालो, मेणबत्ती घेतली आणि वर येऊन वृंदाला सांगितलं, "मामांचं सुरू झालं पुन्हा."

दुसऱ्या दिवशी शाळा उघडली. माझं कॅलेंडर म्हणालं डे फाइव्ह. डायरीही म्हणत होती डे फाइव्ह, छापलेलं होतं. डे फाइव्हला पी.टी., म्हणजे नेहमीचा हिरव्या चौकडीचा नाही, पांढरा युनिफॉर्म. तो त्या दमट हवेत वाळला नव्हता, वृंदानं तासभर इस्त्री फिरवून वाळवला. सई पांढरी होऊन गेली.

शाळेत त्या दिवशी डे थ्री होता. पावसाच्या सुट्टीत आकडा पुढे सरकत नाही, थांबतो. शाळा जिथे थांबली तिथून पुढे सुरू होते. हे तिथल्या पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं, म्हणून कोणी छापत नाही. शेकडो हिरव्या चौकड्यांत एक पांढरी. तिला प्रार्थनेला बाजूला उभं केलं. एका मुलीनं तमिळमध्ये काहीतरी विचारलं, सईला कळलं नाही, ती "हो" म्हणाली, आणि रांगभर हसू फुटलं.

त्यानंतर ती शाळेत गेलीच नाही. एक दिवस, दोन दिवस. रडणं नाही, काही नाही. फक्त, "मी जाणार नाही." वृंदानं ताईला फोन लावला. मी दुसऱ्या खोलीतून ऐकत होतो. "जानेवारीपर्यंत थांबायचं कशाला," ती म्हणत होती. मी काय केलं असेल? लॅपटॉप उघडला आणि कॅलेंडरचे चौकोन एकेक करून दोन दिवस पुढे सरकवत बसलो. घरात आग लागली असती तर मी तिला अपॉइंटमेंट दिली असती.

त्यातल्या दुसऱ्या सकाळी सई जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली होती. मी दाराआड उभा. मामा खालून पेपर घेऊन वर येत होते, ते दोन पायऱ्या खाली बसले.

"आज डे किती?" त्यांनी विचारलं.

"मला नाही माहीत. मी जात नाही शाळेत."

"शाळेचें सोड. शाळेचा होईल आज फाइव्ह. तुझा किती?"

सईनं पायरीच्या कडेवर नख घासलं. मग हळूच म्हणाली, "माझा थ्रीच खराब झाला."

"खराब कुठें? झालाच नाहीं तो. पांढरें घालून उभी राहिलीस, एक अक्षर शिकलीस कां? मग? तो मोजायचाच नाहीं." त्यांनी पेपरची घडी गुडघ्यावर आपटली. "पाहा म्मा, वाराचें मोठें वाईट असतें. सोमवार गेला कीं गेला. डे ऑर्डरचें तसें नाहीं. ती पळून जात नाहीं. तूं येईपर्यंत बसून राहते."

"पण शाळा तर पुढे गेली ना."

"पुढें जाऊन कुठें जाते? सहापर्यंत. मग परत यावेंच लागतें तिला."

सईनं बोटांवर सहापर्यंत मोजलं. मग सई म्हणाली, "तुमच्या शाळेत कोणी चुकीचे कपडे घालून यायचं?"

"मींच," मामा म्हणाले. "डाव्या पायांत एक चप्पल, उजव्यांत मामीची. पूर्ण दिवस. हेडमास्तर पाहिला, कांहीं बोलला नाहीं. त्याला वाटलें नवी पद्धत."

सई हसली. तोंडावर हात न ठेवता.

पुढच्या सोमवारी सकाळी पाइपावर ठोके पडले. एक नाही, दोन नाही, सहा. वृंदा दचकली, "मोटर बिघडली का?" सई खिडकीशी गेली, खाली वाकून बघितलं. मामा काठी धरून वर पाहत होते. "डे सिक्स!" ते ओरडले. सईनं ओट्यावरचं उलथनं घेतलं आणि पाइपावर सहा वेळा उलट ठोकलं. त्यांचा ठोका बसका, तिचा टणटणीत. मग ती केस विंचरायला गेली, आणि आमच्याशी काहीही न बोलता डबा घेऊन निघाली. वृंदा उंबऱ्यात उभी राहून ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. "पोंगलपर्यंत," ती मला म्हणाली. म्हणजे मूळची मुदत परत मिळाली.

मग रोज तसंच. खालून ठोके, वरून ठोके. मार्गळीच्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या, महिन्यात पहाटे गल्लीभर भजनं आणि त्यात आमचे हे टोले. शेजारच्यांना वाटायचं आमचंही काही व्रत असावं. सईची उलटी थांबली की नाही, हे आम्ही एकमेकांना विचारत नव्हतो; बोललं की परत सुरू होईल असं वाटायचं. मी मात्र निर्धास्त झालो नव्हतो. मला ते जमत नाही. रोज ठोके मोजायचो आणि कॅलेंडरशी ताडून बघायचो. जुळले नाहीत की ऑफिसातून शाळेच्या क्लार्कला फोन. तो माझा आवाज ओळखायला लागला होता. मी "हॅलो" म्हणायच्या आत तो "डे टू, सार" म्हणून फोन ठेवायचा.

पोंगलच्या आठवड्याआधीची गोष्ट. वृंदानं मला पुण्याची तिकिटं काढायला सांगितलं होतं. "परतीचं किती जणांचं ते नंतर बघू," असं तिनं भाजी निवडता निवडता म्हटलं होतं आणि मी ते वाक्य दोन दिवस छातीवर घेऊन फिरत होतो. त्या सकाळी मी अंघोळीला होतो. खालून ठोके पडले: पाच. वरून उलट पाच. अंग पुसून बाहेर आलो, सवयीनं लॅपटॉप पाहिला. डे थ्री.

पाच म्हणजे पांढरा. सई निघून गेलेली, वृंदाही बाजारात. शाळेत फोन लावला तर एंगेज.

मी जिना दोन-दोन पायऱ्या उतरलो. मामा हॉलमध्ये कॉफी घेत होते. "मामा, आज नक्की पाच?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "तुम्हांला कॉफी दिली कां मीं?" त्यांनी विचारलं. मी येणार हे ठरलेलं नव्हतं, तरी स्टुलावर एक पेला भरलेला होता. त्याच्या शेजारी अजून एक, तोही भरलेला.

 मी वर धावलो, हिरव्या चौकडीचा युनिफॉर्म पिशवीत कोंबला, आणि ओल्या केसांनी स्कूटर काढली. रस्ताभर मला एकच दिसत होतं: शेकडो हिरव्यांत एक पांढरी. आणि त्यानंतर पुण्याची गाडी, आणि खिडकीत सई.

शाळेचं फाटक बंद. वॉचमननं पिशवी पाहून मला आत काही सोडलं नाही. गजांतून दिसत होतं, प्रार्थना नुकतीच संपलेली, रांगा सुटत होत्या. मी पांढरं शोधत होतो. पांढरं नव्हतं. मग कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं, आणि एका चौकडीच्या घोळक्यातून, दोन मुलींच्या मधून, सई आली. हिरवी.

"बाबा? तू इथे काय करतोयस?"

"युनिफॉर्म... मामांनी पाच वाजवले."

"आज फोर आहे."

"मग तू पाच का वाजवलेस?"

"त्यांनी पाच वाजवले म्हणून." तिला हा प्रश्नच विचित्र वाटला. मग आवाज उतरवून म्हणाली, "हल्ली चुकतात ते. परवा पण चुकले होते. तू बोलू नकोस हं त्यांना काही."

"आणि तुला कसं कळतं किती आहे ते?"

"असं काय, बाबा? मी काल इथेच नव्हते का? काल थ्री होता."

मी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "माझं कॅलेंडर थ्री म्हणतंय."

"तुझं पावसापासून अधूनमधून चुकतंय," सई म्हणाली. तिनं ते अगदी मायेनं सांगितलं. "पण राहू दे ते. आईला त्या बीपची सवय झालीय."

मागून एक मुलगी ओरडली, "सई, वा डी!" म्हणजे चल ये गं. सईनं वळून तमिळमध्ये भराभर काहीतरी उत्तर दिलं. त्यात माझं काहीतरी होतं, कारण त्या दोघी माझ्या ओल्या डोक्याकडे बघून हसल्या, आणि त्यांच्यापेक्षा जास्त सई हसली. मग ती पळत गेली.

मी ऑफिसात गेलो नाही. घरी येऊन वृंदाला सगळं सांगितलं.  शेवटी पिशवीतला चुरगळलेला युनिफॉर्म काढून तिनं मांडीवर घेतला, आणि हातानं त्याच्या सुरकुत्या काढत म्हणाली, "परतीची तिकिटं तिघांची काढ."

संध्याकाळी मी खाली गेलो. मोटरचं काही नव्हतं, सहज. नवल म्हणजे राहुकाळही नव्हता. मामा कॅलेंडरसमोर उभे होते, पानाचा कोपरा चिमटीत धरून. त्यांचा निकाल लागत नव्हता. कितीतरी वेळ ते तसेच होते.

"आज काय झालें?" त्यांनी विचारलं. मला की स्वतःला, ते कळलं नाही. पण आवाजात पूर्वीची ऐट नव्हती. खरंच विचारत होते. "कांहीं झालें कां आज?"

"झालं, मामा," मी म्हणालो. "आज सईचा डे फाइव्ह झाला. तुम्ही वाजवलात तोच."

"कसा झाला?"

"उत्तम."

त्यांनी चष्म्यातून मला नीट पाहिलं. मग पान फर्रकन फाडलं. त्यावरची तारीख पार डिसेंबरातली होती, सालही मागचं. मी काही बोललो नाही. दुसऱ्या सकाळी खालून सहा ठोके आले. सई वेणी घालत होती, तिचे हात अडकलेले होते. मी उलथनं उचललं आणि सहा वाजवले.